सूचीचे दिसणे आणि सूचीचे सांगणे : संगणकीय अक्षरजुळणीतील स्वयंरचित याद्या आणि मराठी संशोधनग्रंथ

ग्रंथाच्या समीक्षेत अनुक्रमणिका, आकृत्यांची व कोष्टकांची यादी, संदर्भसूची आणि अखेरची नामसूची यांचा विचार सहसा होत नाही. परीक्षणाच्या शेवटच्या परिच्छेदात ‘सूची जोडली असती तर ग्रंथाची उपयुक्तता वाढली असती’ असे एखादे वाक्य येते. सूची जोडलेली असेल तर तेवढेही येत नाही. जेरार झेनेत यांनी ग्रंथाच्या उंबरठ्यांवर लिहिलेल्या १९८७च्या पुस्तकात शीर्षक, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, तळटीपा यांची विस्तृत मीमांसा केली, पण वर्णानुक्रमी सूचीला त्यांनीही स्वतंत्र प्रकरण दिले नाही. वास्तविक तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाचा ग्रंथाशी पहिला संबंध पुष्कळदा सूचीतूनच येतो. कन्नडचा अभ्यासक मराठी ग्रंथ हाती घेतो तेव्हा तो प्रथम शेवटची पाने उलटतो आणि आपल्या लेखकाचे नाव शोधतो. नाव सापडले तर तो ग्रंथ वाचतो. सापडले नाही तर ‘मराठी अभ्यासकांनी याची दखल घेतलेली नाही’ असे विधान त्याच्या लेखात जाते. सूचीतील अभाव हा ग्रंथातील अभाव मानला जातो आणि ग्रंथातील अभाव हा परंपरेतील अभाव ठरतो. प्रस्तुत लेखाचा विषय या साखळीतील पहिली कडी हा आहे: संगणकाने आपोआप तयार केलेली आणि म्हणून निर्दोष भासणारी यादी.

यादी हा लेखनविद्येचा खास प्रकार आहे, ही जॅक गुडी यांची १९७७ची मांडणी सुपरिचित आहे. बोलण्यात यादी क्वचितच असते. तिला सुरुवात, शेवट आणि क्रम लागतो आणि हे तिन्ही कागदावर स्पष्ट होतात. गुडींच्या मताला भारतीय परंपरेतून एक दुरुस्ती सुचवता येईल. ऋग्वेदाच्या कात्यायनकृत ‘सर्वानुक्रमणी’त प्रत्येक सूक्ताचे प्रतीक, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद यांची नोंद आहे, आणि ती मुखपाठाच्या परंपरेत जपलेली यादी आहे. मात्र तिचा क्रम संहितेचा क्रम आहे. अकारादी क्रम, म्हणजे ग्रंथाच्या आशयाशी कसलाही संबंध नसलेला बाहेरचा क्रम, हा वेगळा प्रकार होय. अनुक्रमणिका ग्रंथाच्या क्रमाने जाते, तर नामसूची वर्णमालेच्या क्रमाने. पहिलीत दिसण्याचे प्रश्न अधिक, दुसरीत सांगण्याचे. संगणकीय अक्षरजुळणीने हे दोन्ही प्रश्न एकाच आज्ञावलीच्या हाती सोपवले आणि गोंधळाला तिथून सुरुवात झाली.

१

डोनाल्ड नूथ यांनी १९७८ मध्ये सिद्ध केलेली ‘टेक’ ही आज्ञावली आणि तिच्यावर लेस्ली लॅमपोर्ट यांनी १९८०च्या दशकात उभारलेली ‘लाटेक’ ही व्यवस्था येथे उदाहरणादाखल घेतली आहे. मराठी मुद्रणव्यवसायात तिचा वापर फारसा रुजला नाही. आपल्याकडे पृष्ठरचनेची बाजारी आज्ञावली आणि तिच्या जोडीला एखादी देवनागरी टंकप्रणाली ही जोडगोळीच प्रचलित राहिली. तरीही लाटेक घेण्याचे कारण असे, की सूची आपोआप कशी तयार होते हे तिच्यात उघड दिसते. इतर आज्ञावल्यांत तीच क्रिया पडद्याआड होते.

ही क्रिया दोन फेऱ्यांत घडते. पहिल्या फेरीत आज्ञावली ग्रंथ जुळवते आणि प्रत्येक मथळा ज्या पानावर पडला त्या पानाच्या क्रमांकासह एका साहाय्यक धारिकेत उतरवून ठेवते. दुसऱ्या फेरीत ती धारिका वाचून अनुक्रमणिका छापते. अनुक्रमणिकेची दोन पाने वाढली तर पुढचे सर्व पृष्ठांक सरकतात आणि तिसरी फेरी घ्यावी लागते. छापलेली यादी ही नेहमी ग्रंथाच्या आधीच्या अवस्थेची नोंद असते. दोन लागोपाठच्या अवस्था तंतोतंत जुळल्या म्हणजे यादी ‘बरोबर’ झाली असे मानायचे. शेवटची दुरुस्ती केल्यावर घाईने एकच फेरी घेतलेले ग्रंथ आपल्या कपाटात आहेत. त्यांच्या अनुक्रमणिकेतील प्रकरण एका पानावर आणि प्रत्यक्षातील दुसऱ्याच पानावर असते.

या याद्या दिसायला एकसारख्या असाव्यात अशी अपेक्षा रास्त आहे, पण मूळ व्यवस्थाच त्यांना एकसारखे ठेवत नाही. लाटेकच्या प्रमाणित ग्रंथरचनेत प्रकरणाची ओळ ठळक असते आणि तिला टिंबांची रांग नसते. उपप्रकरणाच्या ओळीला टिंबे असतात. आकृत्यांच्या यादीत सर्वच ओळींना टिंबे आणि नवे प्रकरण सुरू झाले की मध्ये थोडी मोकळी जागा. त्या जागेचा अर्थ वाचकाला कळत नाही, कारण यादीत प्रकरणाचे नावच नसते. प्रस्तावनेसारखे क्रमांकाविना असलेले प्रकरण अनुक्रमणिकेत स्वतःहून येत नाही. संदर्भसूची आणि नामसूची याही येत नाहीत. त्यांची नोंद हाताने घालावी लागते. ज्या संपादकाला हे ठाऊक नाही त्याच्या ग्रंथाला वीस पानांची नामसूची असते आणि अनुक्रमणिकेला तिचा पत्ता नसतो.

हे सर्व कोणत्याही भाषेत घडते. मराठीत आणखी एक गोष्ट घडते. क्रमांकासाठी आणि पृष्ठांकासाठी ठेवलेली जागा ठराविक रुंदीची असते आणि ती रोमन लिपीतील एक-दोन अंक डोळ्यांपुढे ठेवून ठरवलेली असते. मराठी ग्रंथांत प्रास्ताविक पानांना ‘पाच’, ‘सात’, ‘अठरा’ असे अक्षरी क्रमांक देण्याची रूढी आहे. प्रस्तावना ‘अठ्ठावीस’ या पानावर सुरू होत असेल तर तो शब्द ठरवलेल्या जागेत मावत नाही आणि समासाबाहेर जातो. अशा वेळी संपादक रूढी सोडतो, असा अनुभव आहे. रोमन आकडे घालून प्रश्न मिटवलेले मराठी ग्रंथ पाहिले म्हणजे मुद्रणव्यवस्थेच्या एका मोजमापाने एका भाषेची सवय कशी बदलते हे ध्यानात येते. जागेची रुंदी बदलणे ही एका ओळीची आज्ञा आहे. ती ओळ ठाऊक नसल्यामुळे रूढी जावी हे खेदकारक आहे.

तरीही दिसण्याच्या या प्रश्नांचे गांभीर्य मर्यादित आहे. टिंबांची रांग एका यादीत असणे आणि दुसरीत नसणे यामुळे कोणाचे नाव हरवत नाही. अक्षरजुळणीची हस्तपुस्तके मात्र ‘सूचीतील सुसंगती’ म्हणून बहुतेक इतकाच विषय चर्चेस घेतात, आणि वाचकही यादीचा समास सरळ आहे असे पाहून तिच्या आशयाविषयी निर्धास्त होतो. माझ्या मते खरी आपत्ती या निर्धास्तपणात आहे.

२

वर्णानुक्रम हा शब्द आपण असा वापरतो, जणू तो एकच आहे. मराठी वर्णमालेत ‘ह’नंतर ‘ळ’, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ येतात. युनिकोडच्या देवनागरी पटात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आणि ‘व’च्या आधी आहे. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांना स्वतंत्र संकेतांकच नाहीत. ती जोडाक्षरे म्हणून ‘क’ आणि ‘ज’ यांच्या पोटात जातात. संगणकाला केवळ संकेतांकांच्या क्रमाने नावे लावायला सांगितली तर कालेलकर, काळे, कावळे, कासार असा क्रम मिळतो. मराठी वाचक ‘काळे’ हे नाव ‘कासार’नंतर शोधतो, आणि दोहोंच्या मध्ये चाळीस नावे असतील तर ते त्याला सापडत नाही.

हा क्रम आला कोठून हे पाहणे तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. युनिकोडच्या भारतीय पटांची मांडणी भारतीय मानक म्हणून आखलेल्या ‘इस्की’ या संकेतप्रणालीवरून घेतलेली आहे. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिपींना एकच आराखडा द्यावा, म्हणजे एका लिपीतील मजकूर दुसऱ्या लिपीत सहज नेता येईल, अशी इस्कीमागची दृष्टी होती. हेतू स्तुत्य होता. पण या सामाईक आराखड्यात ‘ळ’ हा ‘ल’शेजारी बसवला गेला आणि तो केवळ मराठीत नव्हे, गुजराती व कन्नडमध्येही परका ठरला, कारण त्या दोन्ही वर्णमालांत तो ‘ह’नंतर येतो. तमिळची स्थिती अधिक चमत्कारिक आहे. तमिळ वर्णमालेच्या अखेरीस येणारी चार व्यंजने संकेतपटात आपापल्या ध्वनिसदृश वर्णांच्या शेजारी विखुरली गेली आहेत. अखिल भारतीय म्हणून तयार झालेला हा क्रम या भाषांपैकी एकीलाही आपला वाटत नाही. हिंदी कोशात ‘क्ष’ हा ‘क’च्या पोटातच असतो आणि ‘ळ’चा प्रश्न उद्भवत नाही, त्यामुळे हिंदी सूचीकाराला संकेतांकांचा क्रम पुष्कळसा सोयीचा पडतो. भारतीय साहित्याच्या एकात्मतेविषयी आपण परिसंवाद घेतो, त्या एकात्मतेचा एक तांत्रिक नमुना आपल्या टेबलावरच आहे, याची नोंद घ्यायला हरकत नाही.

संकेतांकांचा क्रम म्हणजे वर्णानुक्रम नव्हे, हे युनिकोडच्या रचनाकारांनाही मान्य आहे. प्रत्येक भाषेसाठी वर्गवारीचे नियम स्वतंत्रपणे लिहून द्यावेत अशी सोय त्यांनी ठेवली आहे. प्रश्न असा, की ते नियम सूची बनवणाऱ्या आज्ञावलीपर्यंत पोचले आहेत की नाहीत, आणि ते कोणी तपासले. बहुतेक वेळा तपासलेले नसतात.

अनुस्वाराच्या बाबतीत तर आपले आपल्यातच एकमत नाही. बाराखडीत ‘कं’ हा ‘कौ’नंतर येतो. कोशांत ‘अंक’ हा शब्द ‘अकबर’च्या आधी देण्याची पद्धत आहे, आणि संकेतपटातही अनुस्वार स्वरांच्या आधी असल्यामुळे यंत्र तसेच करते. तिसरी, संस्कृतज्ञांची पद्धत परसवर्णाची: ‘अंक’ म्हणजे ‘अङ्क’ आणि म्हणून तो ‘ङ’च्या जागी. तिन्ही पद्धतींना आधार आहे आणि सूचीत त्यांपैकी कोणतीही चालेल. मात्र मराठीतील किती सूचींच्या माथ्यावर ‘या सूचीत अनुस्वारयुक्त अक्षर आधी घेतले आहे’ अशी एका ओळीची टीप आढळते? पूर्वी हाताने चिठ्ठ्या लावणारा सूचीकार ही निवड जाणूनबुजून करत असे, मग तो सांगो वा न सांगो. आता निवड झाली आहे हेच संपादकाला माहीत नसते.

३

दिसायला एक आणि यंत्राला अनेक, हा प्रकार सर्वांत घातक आहे. त्याचे उत्तम उदाहरण तौलनिक साहित्याच्या कोणत्याही ग्रंथात सापडणाऱ्या एका नावाचे आहे: अॅरिस्टॉटल. या नावाचे पहिले अक्षर तीन प्रकारे टंकित करता येते. ‘अ’ लिहून त्यावर अर्धचंद्राची मात्रा द्यावी (अॅ), युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत २००८ मध्ये दाखल झालेले स्वतंत्र अक्षर वापरावे (ॲ). किंवा ‘ए’वर अर्धचंद्र असलेले, हिंदीत चालणारे अक्षर घ्यावे (ऍ). संकेतांकांच्या क्रमाने लावले तर पहिला अॅरिस्टॉटल ‘अ’च्या अगदी शेवटी, ‘आ’च्या तोंडाशी जातो. तिसरा ‘ऋ’नंतर आणि ‘ए’च्या आधी पडतो. दुसरा, म्हणजे ज्याला आज अधिकृत म्हणावे असा, सर्व व्यंजने ओलांडून सूचीच्या टोकाला, ‘होमर’च्याही पलीकडे जाऊन बसतो. संपादित ग्रंथात बारा लेखक असतात, त्यांचे कळफलक वेगवेगळे असतात. त्यामुळे एकाच ग्रंथात एक तत्त्वज्ञ तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी तीन-चार पृष्ठांकांसह आढळणे अशक्य नाही. त्यातली एक नोंद पाहणारा वाचक उरलेल्या दोन पाहत नाही, कारण त्या आहेत असे त्याला वाटण्याचे कारणच नसते. महाराष्ट्र शासनाने २००९च्या निर्णयात प्रमाण वर्णमाला ठरवताना ‘अॅ’ आणि ‘ऑ’ यांना स्वरांत स्थान दिले हे योग्यच झाले. पण वर्णाला वर्णमालेत स्थान मिळणे आणि सूचीत त्याची जागा ठरणे यांत बरेच अंतर आहे.

‘ऱ’ची गोष्ट याच जातीची. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. पण ‘गोऱ्हे’ या आडनावातील अर्धा र एकाहून अधिक संकेतक्रमांनी लिहिता येतो, छापल्यावर तो तसाच दिसतो, आणि ज्या आज्ञावलीत हे पर्याय एकरूप करून घेण्याची तरतूद नाही तिला ती दोन वेगळी आडनावे वाटतात. मुद्रितशोधकाला यात काहीच दिसणार नाही. कागदावर चूक नाहीच. ती कागदाखाली आहे.

युनिकोडपूर्व टंकांच्या काळात तर याहून विलक्षण सूची निघत. त्या टंकांत अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जात नसत, डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवली जात. ‘किरण’ शब्दातील ऱ्हस्व इकार ‘क’च्या डावीकडे दिसतो म्हणून तो आधी साठवला जाई. अशा मजकुरावर वर्गवारीची आज्ञा चालवली की किरण, गिरीश, दिलीप, विजय ही सर्व नावे इकाराच्या झेंड्याखाली एकत्र जमत. हे इतके उघड विपरीत होते की कोणी त्यावर विश्वास ठेवत नसे आणि सूची शेवटी हातानेच लावली जाई. आजची चूक सूक्ष्म आहे म्हणून टिकते.

४

संदर्भसूचीत वर्णाच्या प्रश्नावर व्यक्तिनामाचा प्रश्न चढतो. लाटेकसोबत वापरली जाणारी ‘बिबटेक’ ही आज्ञावली नावाचे तुकडे करते. मध्ये स्वल्पविराम नसेल तर ती शेवटचा शब्द आडनाव समजते आणि त्यावरून नावे लावते. ‘इरावती कर्वे’ हे नाव ‘कर्वे, इरावती’ असे बिनतक्रार येते. ‘साने गुरुजी’ मात्र ‘गुरुजी, साने’ होतात. ‘तुकडोजी महाराज’ आणि ‘गाडगे महाराज’ हे ‘म’च्या वर्गात ‘महाराज’ घराण्याचे दोन बंधू म्हणून शेजारी बसतात. कन्नड आणि तमिळ नावांत आधीची आद्याक्षरे गावाची वा वडिलांची आणि शेवटचा शब्द व्यक्तीचे स्वतःचे नाव असते. तेथे शेवटच्या शब्दावरून लावलेली यादी बरोबर येते खरी, पण ‘आडनाव’ या कल्पनेने नव्हे, योगायोगाने.

आद्याक्षरांचे मराठी वळण तर कोणत्याही परदेशी आज्ञावलीला समजण्यासारखे नाही. इंग्रजीत नावाचे पहिले अक्षर घेतले की भागते. मराठीत आपण मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षर यांसह संपूर्ण अक्षर घेतो: पुरुषोत्तमचे ‘पु.’, चिंतामणचे ‘चिं.’, त्र्यंबकचे ‘त्र्यं.’. पूर्ण नावावरून आद्याक्षरे आपोआप काढण्याची शैली निवडली आणि यंत्राने पहिले संकेतचिन्ह तेवढे उचलले, तर पु. ल. देशपांडे यांचे ‘प. ल.’ होतात आणि चिं. त्र्यं. खानोलकरांचे ‘च. त.’. सर्व नावांना हाच नियम लागल्यामुळे यादी मात्र कमालीची एकसारखी दिसते. यावरचा उपाय सोपा आहे: आद्याक्षरे यंत्राकडून काढून न घेता नोंदीतच लिहावीत.

काही शैलींत त्याच लेखकाचे दुसरे पुस्तक आले की नावाऐवजी आडवी रेघ पडते. रेघ पडण्यासाठी दोन्ही नोंदींतील नाव अक्षरशः तेच असावे लागते. ‘चिं. त्र्यं.’ आणि ‘चिं.त्र्यं.’ यांत केवळ एका मोकळ्या जागेचा फरक असेल, तर यंत्राच्या लेखी ते दोन लेखक होत.

परंतु टंकलेखनाच्या या चुका दुरुस्त केल्यावर जे उरते ते चूक या सदरात बसत नाही. ‘विशाखा’ कुसुमाग्रजांची आणि ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकरांचे. यंत्र त्यांना ‘क’ आणि ‘श’ या दोन वर्गांत ठेवते आणि ते पुस्तकांच्या मुखपृष्ठांशी प्रामाणिक असते. सुसंगतीचा आग्रही संपादक दोन्ही नोंदी ‘शिरवाडकर’खाली आणतो. खानोलकर आणि आरती प्रभू, गोडघाटे आणि ग्रेस, दामले आणि केशवसुत यांबाबत तो असेच करील काय? ‘दामले, कृष्णाजी केशव’ या नावाखाली केशवसुत शोधणारा मराठी वाचक मला अद्याप भेटलेला नाही. एक नियम सर्वांना लावला तर सूची सुसंगत होते आणि निरुपयोगीही.

‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या नावाने आले आणि ही लेखिका कोण, हा त्या काळी वादाचा विषय झाला. त्या नावाने एका स्त्रीला जे बोलण्याची मोकळीक दिली ते तिच्या माहेरच्या वा सासरच्या नावाने दिले नसते. आजच्या संदर्भसूचीत ‘बेडेकर, मालती’ या एका शीर्षाखाली सर्व लेखन एकवटले म्हणजे ग्रंथालयीन दृष्ट्या सोय होते. पण पुस्तकाने जे झाकून ठेवले होते ते सूची आधीच उघड करते आणि ते झाकण हाच त्या पुस्तकाच्या अर्थाचा भाग होता हे पुसले जाते. दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनात दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. दगडू आणि दया ही दोन नावे एकाच माणसाची आहेत, आणि त्या दोहोंमधले अंतर हा त्या पुस्तकाचा विषय आहे. ‘बलुतं’वरील समीक्षाग्रंथाच्या नामसूचीत ती दोन नावे एकत्र करावीत की वेगळी ठेवावीत? आपोआप तयार झालेली सूची ती वेगळी ठेवते, पण त्यामागे काही समज नसते. मी स्वतः ती वेगळीच ठेवीन आणि दोन्हींकडे परस्परांचा निर्देश देईन. एखादा ग्रंथपाल याला अराजक म्हणेल, हे मला ठाऊक आहे.

५

बहुभाषिक संदर्भसूचीचा पेच याच वर्गातला. बी. एस. केशवन आणि व्ही. वाय. कुलकर्णी यांनी संपादित केलेली साहित्य अकादेमीची १९०१ ते १९५३ या काळातील भारतीय वाङ्मयाची राष्ट्रीय ग्रंथसूची भाषावार विभागलेली आहे, पण नोंदी रोमन लिपीत लिप्यंतरित आहेत. त्या काळी भारतीय लिपींतील ग्रंथ एका क्रमात लावण्याचे दुसरे व्यवहार्य साधन नव्हते, आणि त्या संपादकांचे काम प्रचंड आहे यात शंका नाही. तरी रोमन क्रमात ट, ठ, त, थ हे चारही वर्ण एकाच अक्षराच्या आसपास घुटमळतात आणि वर्गीय व्यंजनांची आपली व्यवस्था विरघळून जाते, हेही खरे. शंकर गणेश दाते यांची १८०० ते १९३७ या कालखंडाची ‘मराठी ग्रंथसूची’ देवनागरीत आहे आणि ती वापरताना आपल्याला आपल्याच वर्णमालेत वावरल्यासारखे वाटते. लिप्यंतराची गरज उरलेली नाही अशा आजच्या काळात तौलनिक ग्रंथाने काय करावे? भाषावार विभाग करून प्रत्येक विभागाला त्या भाषेचा क्रम द्यावा, असे माझे मत आहे. एकच सलग यादी दिसायला भारदस्त असते, पण तिच्यात कोणत्या ना कोणत्या भाषेचे वाचक पाहुणे ठरतात.

या सर्वांवर लाटेकच्या जगातच एक जुना उपाय आहे. ‘मेकइंडेक्स’ या सूचीकारक आज्ञावलीत प्रत्येक नोंद दोन भागांत लिहिता येते. मधल्या चिन्हाच्या डावीकडे वर्गवारीसाठीचे रूप आणि उजवीकडे छापण्याचे रूप. छापायचे ‘नांव’, लावायचे ‘नाव’ म्हणून. छापायचे ‘साने गुरुजी’, लावायचेही ‘साने गुरुजी’ म्हणूनच. मूळ आज्ञावली देवनागरी पृष्ठांक ओळखत नाही आणि मराठी क्रमही तिला ठाऊक नाही, त्यामुळे ती जशीच्या तशी आपल्या कामाची नाही. पण नोंदीचे दिसणे आणि नोंदीची जागा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या माणसाने ठरवायच्या आहेत, हे तत्त्व तिच्यात आहे. पुढच्या पिढीच्या आज्ञावल्यांत क्रमाचे नियमही लिहून देता येतात. आपल्याकडे काम अडते ते वेगळ्याच जागी. प्रकाशक मुद्रिते पाठवतो ती छापील रूपाची. डावीकडचे रूप संपादकाला कधीच दिसत नाही. निदान संशोधनग्रंथांच्या बाबतीत ती धारिका छापून मुद्रितांसोबत मागवावी, असा आग्रह विद्यापीठीय प्रकाशनांनी धरायला हवा.

जुन्या संहितांच्या प्रतीकसूचीत या धारिकेचे मोल विशेष जाणवते. तुकाराम गाथेची शंकर पांडुरंग पंडितांची १८६९ आणि १८७३ची आवृत्ती, शासनाची १९५०ची आवृत्ती आणि १९६२च्या शुद्धलेखननियमांनंतर निघालेल्या लोकप्रिय आवृत्त्या एकत्र ठेवून अभंगांच्या प्रथम चरणांची यादी करायला घेतली, तर ‘कांहीं’ने सुरू होणारे चरण ‘का’च्या आरंभी आणि ‘काही’ने सुरू होणारे ‘का’च्या अखेरीस जातात. अभंग तोच, पण यादीत दोन. पाठभेद मोजणाऱ्या अभ्यासकाला हा आकडा कितपत फसवील हे वेगळे सांगायला नको.

आणि कधी धारिकेतील एक ओळ वाङ्मयेतिहासातील वादाचा निकाल देऊन टाकते. ‘नामा’ या मुद्रेची सर्व पदे एका शीर्षाखाली आली की नामदेव आणि विष्णुदास नामा पुन्हा एकरूप होतात. त्यांना वेगळे करण्यासाठी अभ्यासकांनी घेतलेले श्रम सूचीला माहीत नसतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारदे यांनी ‘भारद्वाज’ या टोपणनावाने अभंगकर्ते ज्ञानदेव आणि ज्ञानेश्वरीकार ज्ञानेश्वर या दोन भिन्न व्यक्ती असल्याचा पक्ष मांडला. तो पुढे बहुतेकांनी अमान्य केला, पण त्या वादावर लिहिलेल्या ग्रंथाची सूची करताना ‘ज्ञानदेव : पाहा ज्ञानेश्वर’ ही ओळ घालायची की नाही, हे अजूनही सूचीकारालाच ठरवावे लागते. आणि ठरवल्यावर, ‘ज्ञ’ हा ‘ज’च्या पोटात की ‘क्ष’च्या नंतर, हेही.